वेलांटीसाहेबांचं अपशकुनी पेन

पेन घेतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी वेलांटीसाहेबांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे लिहायला काही उरलेलंच नाही.

पाणीपुरवठा खात्यात त्यांची उभी हयात दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात गेली होती. 'जलवाहिनी'तली 'हि' ऱ्हस्व आणि 'नी' दीर्घ असल्याची खात्री केल्याशिवाय हा माणूस शहराला पाण्याचा थेंब मिळू देत नाही, असं हाताखालचे कारकून म्हणायचे. वेलांटी हे नाव त्यांचंच. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि निरोपसमारंभात तर खुद्द मोठ्या साहेबांनी 'आपले लाडके वेलांटीसाहेब' म्हणून त्यावर सरकारी शिक्कामोर्तब केलं. त्याच आठवड्यात त्यांनी पेन घेतलं. बायकोला सांगितलं, सवलतीत मिळालं. किती सवलतीत ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. संसार असाच टिकतो.

पेन मात्र पेन होतं! काळंभोर, अंगानं भरलेलं, टोपणावर बारीक सोनेरी कडी. हातात घेतलं की हाताला वाटावं, आपण कुणीतरी आहोत. निब सोन्याची. शेपटीकडची चकती फिरवली की शाईच्या बाटलीतून एक तृप्त घोट घेतल्याचा आवाज यायचा. कागदावर ओढलेली रेघ क्षणभर ओली चमकायची, मग हळूच कागदात बसायची. उभी रेघ जाड, आडवी बारीक, आणि वेलांटीचा वळसा तर असा, की त्या वळशासाठी भाषेत आणखी चार दीर्घ शब्द असते तर बरं झालं असतं. साहेबांनी पहिल्या संध्याकाळी स्वतःचं नाव लिहिलं, मग सगळी मुळाक्षरं, मग सवयीनं 'प्रति, मा. कार्यकारी अभियंता' असं लिहिलं आणि थांबले. कार्यकारी अभियंत्याला सांगण्यासारखं आता त्यांच्याजवळ काही नव्हतं.

मग त्यांनी काम शोधायला सुरुवात केली. कुरिअरवाल्याला सही देण्यासाठी ते पेन घेऊन दारात आले, तर त्यानं फोन पुढे केला आणि म्हणाला, "बोटानं करा." वाणसामानाची यादी त्यांनी जाड कागदावर लिहून काढली. 'मीठ' या शब्दाला तर चौकट करून भिंतीवर लावावं, असा तो उतरला होता. दुकानदारानं यादीचा फोटो काढला आणि कागद परत दिला. "कचरा होतो," म्हणाला.

राहता राहिला चेक. तो बँकेतून परत आला. सही जुळत नव्हती.

"सही तुमचीच आहे, सर, ते दिसतंय," मॅनेजरबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "पण ही फारच चांगली आहे. आमच्या रेकॉर्डला तुमची सही अशी... म्हणजे घाईत केल्यासारखी आहे."

"मग ही रेकॉर्डला घ्या."

"त्याचा फॉर्म आहे. पण तो बॉलपेननं भरावा लागतो. खालच्या प्रतीवर उमटलं पाहिजे ना."

काउंटरला सुतळीनं बांधलेलं बॉलपेन होतं. त्या बॉलपेननं साहेबांनी जुनी, घाईतली सही करून बघितली. जमेना. फिरून केली, तरी नाही. चांगल्या पेनाची सवय लागलेला हात आता वाईट लिहायला तयार नव्हता. शेवटी मॅनेजरबाईंनी रेकॉर्डमधली सही समोर धरली आणि वेलांटीसाहेबांनी, चारचौघांदेखत, स्वतःच्या सहीची नक्कल केली. खोटी सही करणाऱ्या माणसाला जितका घाम येतो तितकाच त्यांना आला.

अशा दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई वारल्या.

इमारतीत कुणी गेलं की सेक्रेटरी लिफ्टशेजारच्या फळ्यावर छापील नोटीस लावायचा. त्या नोटिशीत 'दुःखद' हा शब्द तो नेमानं 'दुखःद' असा छापायचा, आणि प्रत्येक मृत्यूला साहेबांना दुहेरी दुःख व्हायचं. या वेळी त्याच्या प्रिंटरची शाई संपली होती. तो साहेबांच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुमच्याकडे ते पेन आहे म्हणे. चार ओळी लिहून द्याल?"

साहेबांनी चेहरा योग्य तेवढा गंभीर ठेवला. आत मात्र काय झालं, ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. दार लावून ते टेबलाशी बसले तेव्हा कधी नव्हे ते गुणगुणत होते. बाई चांगल्या होत्या हो. पण 'दुःखद निधन' या दोन शब्दांत ऱ्हस्व आहे, विसर्ग आहे, जोडाक्षर नाही म्हणून निब कुठे अडखळत नाही. त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि न राहवून पाचवी जोडली: 'या इमारतीतल्या कित्येक मुलांना जगातल्या सगळ्या नद्या बाईंनी पाठ करून दिल्या.'

लिफ्टपाशी माणसं थांबून वाचू लागली. बाईंचा मुलगा ती ओळ वाचून रडला. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, "असं अक्षर मिळणार असेल तर मरायलाही हरकत नाही." साहेब मान खाली घालून जिन्यानं वर गेले. मान खाली अशासाठी, की चेहरा दिसू नये.

पुढे पाचव्या मजल्यावरचे घड्याळजी गेले. मग मागच्या इमारतीतला ड्रायव्हिंग शिकवणारा. सेक्रेटरीनं प्रिंटरची शाई आणायचं नावच काढलं नाही. शेजारच्या इमारतींतूनही बोलावणी येऊ लागली. ज्या माणसाला आजवर कुणी घरात काही बरं-वाईट झाल्यावर विचारत नव्हतं, त्याला आता सगळ्यात आधी कळवण्यात येऊ लागलं. काही वेळा नातेवाइकांच्याही आधी.

आणि माणूस म्हटला की त्याला कामाची खोड जडते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की साहेबांच्या मनात त्याची पाचवी ओळ आपोआप तयार व्हायला लागली. दंतवैद्य धापा टाकत आत शिरले की 'ज्यांच्या खुर्चीत बसून आपण सगळेच कधी ना कधी कळवळलो' हे वाक्य डोक्यात यायचं. वाक्य चांगलं होतं, ही साहेबांची चूक नव्हती. पण ते मनात जुळवताना त्यांची नजर समोरच्यावर जरा जास्त वेळ खिळायची, आणि ती नजर लोकांना जाणवू लागली.

चौथी नोटीस लागली तेव्हा इमारतीच्या मनात पाल चुकचुकली. हे पेन येण्याआधी वर्षभर कुणी साधं शिंकलंही नव्हतं, असं म्हणणारी माणसं निघाली. ते खरं नव्हतं, पण असल्या बाबतीत आकडेवारी कोण मागतो? शेवटचा घाव घातला दंतवैद्यांच्या सासूबाईंनी. साहेबांचं एक पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलं होतं. ते घ्यायला साहेब गेले. पोच म्हणून कागदावर सही करायला त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. सोफ्यावर सर्दीनं बेजार होऊन बसलेल्या सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या किंचाळल्या, "मी अजून आहे! मी अजून आहे हो!"

त्यानंतर सल्ले सुरू झाले. काळी शाई काढा, हिरवी भरा. निदान एक लग्नपत्रिका लिहा म्हणजे पेनाचं वळण बदलेल. विकून टाका. विकू नका, दुसऱ्याचा जीव जाईल. तळमजल्यावरचा जिमवाला म्हणाला, "अंकल, ते दुश्मनाला गिफ्ट करा ना."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते," साहेब घरी तणतणले. "एवढं लोकांना कळू नये?"

"अहो, कळतंय," बायको भाजी चिरत म्हणाली. "पण प्रत्येक फांदीवर तुम्ही कशाला जाऊन बसता?"

मग सभा झाली. सेक्रेटरीनं ठराव मांडला, की सदर पेन इमारतीच्या सामाईक जागेत उघडण्यात येऊ नये. चर्चा बरीच झाली. गच्ची सामाईक धरायची की नाही यावर दंतवैद्य आणि जिमवाला हमरीतुमरीवर आले. शेवटी ठराव इतिवृत्तात नोंदवायची वेळ आली, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. वाचता येईल असं अक्षर इमारतीत एकाचंच होतं.

"तुम्हीच लिहा ना," सेक्रेटरी म्हणाला. "बॉलपेननं."

साहेबांनी लिहिलं. सेक्रेटरीच्या मसुद्यातलं 'सामाइक' खोडून 'सामाईक' केलं, 'एतद्द्वारे' घातलं, वाक्य बांधेसूद केलं. मतदानाला हात वर झाले तेव्हा त्यांचाही हात वर गेला. इतका नेटका ठराव नामंजूर करणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. ठराव एकमतानं संमत झाला.

हे सगळं त्यांनी गिळलंही असतं. पण तिसऱ्या मजल्यावर ग्रंथपाल होता.

ग्रंथपाल हा त्यांचा एकुलता एक मित्र. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मुलगा कामानिमित्त सदा बाहेरगावी, घरात तो आणि सून. रोज संध्याकाळी हे दोघे बुद्धिबळ खेळायचे आणि पटावर कमी, एकमेकांवर जास्त चाली करायचे. आयुष्यभर खाल्लेली पुस्तकांची धूळ ग्रंथपालाच्या छातीत घर करून बसली होती. या हिवाळ्यात त्यानं अंथरूण धरलं आणि नाकाला नळी लागली.

ठरावानंतर साहेब भेटायला गेले. सुनेनं दार अर्धंच उघडलं. तिची नजर त्यांच्या खिशाकडे गेली.

"काका, बाबा झोपलेत."

"मी झोपलेलो नाहीये!" आतून आवाज आला.

"झोपेत बोलतात," सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "काका, रागावू नका. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत. मला कसलाच धोका घ्यायचा नाहीये."

तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. साहेब जिना उतरून घरी आले आणि पेन कपाटात टॉवेलांच्या मागे ठेवलं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या खिशानं पुन्हा गेले. दार उघडलंच नाही. आता पेनाची गरजच उरली नव्हती; साहेब स्वतःच पुरेसे होते. समोरून ते आले की लिफ्टमधली माणसं दार ओढून घाईनं बटण दाबायची. जिन्यात एका आजोबांनी त्यांना पाहून पाठ भिंतीला टेकवली आणि ते जाईपर्यंत श्वास धरून ठेवला, जे आजोबांच्या वयाला खरोखरच धोक्याचं होतं.

मग एका सकाळी फोन आला.

"वेलांट्या," ग्रंथपालाचा आवाज भोकं पडलेल्या फुग्यासारखा येत होता. "दुपारी ती रिपोर्ट आणायला जाते. तू ये. आणि ते हत्यार घेऊन ये."

दुपारी मोलकरणीनं दार उघडलं आणि ती टीव्ही बघायला आत गेली. ग्रंथपाल उशांना टेकून बसला होता. निम्मा उरला होता. पटावर सोंगट्या मांडलेल्या होत्या, पण दोघांनीही त्यांना हात लावला नाही.

"वाच," ग्रंथपाल म्हणाला.

"काय वाच?"

"माझी. नोटीस तयार असेल ना तुझ्याकडे. दंतवैद्याची करून ठेवलीस, मला ऐकवलीसही, मग माझी केली नसशील?"

वेलांटीसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण या माणसाशी ते बुद्धिबळातसुद्धा खोटं खेळू शकत नसत. ते हळू आवाजात म्हणाले, "शांत, मनमिळाऊ आणि ग्रंथप्रेमी..."

"मनमिळाऊ कोण?"

"तू."

"अरे, पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्या प्रत्येकाचा मी मनापासून द्वेष केला. एका बाईला तर तिच्या लग्नात जाऊन आठवण करून दिली होती." तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि खोकला थांबेना. साहेब त्याची पाठ चोळत राहिले. हाताखाली बरगड्या मोजता येत होत्या. हा माणूस आत्ता, आपल्या हाताखाली गेला तर इमारत काय म्हणेल, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आल्याबद्दल त्यांना स्वतःची शरम वाटली.

खोकला थांबला. ग्रंथपालानं हात पुढे केला. "दे इकडे ते."

तो डावखुरा होता. कार्डांवर दाबून दाबून लिहायची जन्माची सवय. मनगट वाकडं करून त्यानं पेन असं पकडलं, जसा कुणी कुदळ पकडतो. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यानं निब टेकवली, दाबली, आणि सोन्याची दोन पाती फाकलेली वेलांटीसाहेबांनी डोळ्यांनी पाहिली. ग्रंथपालानं लिहिलं: 'मनमिळाऊ नाही.' ओल्या शाईकडे तो बघत राहिला. ती सुकल्यावर त्यानं खाली आणखी एक ओळ लिहिली, मग आणखी एक. कित्येक दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर काही घडलं नव्हतं, ते आता घडत होतं.

"गाढवा," तो म्हणाला, "हे इतके दिवस तू एकट्यानं वापरत होतास?"

साहेबांनी पेन परत घ्यायला हात पुढे केला.

"ठेवून जा."

पाणी प्यायलाही माणूस जेवढा वेळ घेत नाही, तेवढा वेळ साहेबांनी हो म्हणायला घेतला. घरी जाताना जिन्यात त्यांचा हात सारखा खिशाकडे जात होता, दात काढल्यावर जीभ जाते तसा.

संध्याकाळी बेल वाजली. दारात ग्रंथपालाची सून. साहेबांनी मनात बचावाचं भाषण तयार केलं, त्यात 'वस्तुतः' हा शब्दही होता.

"काका," ती म्हणाली, "शाई आहे का? संपवली त्यांनी."

तिनं आधी पेन काढून घ्यायचा प्रयत्न केला होता. सासऱ्यानं ते सोडलं नाही आणि वर तिला कागद मागितला, मग सूप मागितलं. सूप मागितल्यावर ती पेनाविरुद्ध काही बोलली नाही. साहेबांनी बाटलीच देऊन टाकली.

त्यानंतर ती अधूनमधून जिन्यात थांबून सांगायची. आज बाबांनी औषधाच्या बाटलीवरची सूचना पुन्हा पुन्हा उतरवून काढली. आज टीव्हीवरच्या बाईचे उच्चार दुरुस्त करून लिहिले. आज नुसत्या रेघा ओढल्या, पण झोप चांगली लागली. चादरीवर डाग पडलेत, ते आता निघायचे नाहीत. साहेब सगळं ऐकून घ्यायचे आणि घरी जाऊन बॉलपेननं वर्तमानपत्राच्या कडेला उगाच काहीतरी गिरवायचे. बॉलपेन लिहीत होतं, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

एका सकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात पेन होतं आणि घडी घातलेला कागद. साहेबांना वेगळं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली. बायको आतून आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

"किती वाजता?" साहेबांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं वेळ सांगितली. मग कागद पुढे केला. "हे उशीखाली होतं. तारीख आणि वेळेची जागा सोडलीय त्यांनी. तुम्ही भरा, काका. माझा हात चालत नाहीये."

साहेब टेबलाशी बसले. आधी रद्दीच्या कागदावर त्यांनी निब टेकवून पाहिली. पेन खरखरलं. त्यांनी कोन बदलला. ते कागद फाडायला निघालं. सोनं मऊ, ज्याच्या हातात राहतं त्याच्या कलानं झिजतं, हे साहेबांना वाचून माहीत होतं. आता ते समोर होतं. एक पातं आत वळलेलं, दुसरं बाहेर. सरळ हाताच्या, हलक्या दाबाच्या माणसाला हे पेन यापुढे कधीच ओळखणार नव्हतं.

त्यांनी पेन डाव्या हातात घेतलं. मनगट वाकडं केलं, कुदळ धरल्यासारखं, आणि दाबलं. शाई सरळ आली. कोऱ्या सोडलेल्या जागांत त्यांनी तारीख लिहिली, 'सकाळी' लिहून पुढे वेळ लिहिली. आकडे जाड, मागे रेललेले आणि हट्टी उमटले. लिहून झाल्यावर चष्मा काढून त्यांनी बराच वेळ तो पुसला.

खाली फळ्यापाशी सेक्रेटरीनं नवी छापील नोटीस आणलीच होती. सुनेच्या हातातला, सासऱ्याच्या अक्षरातला कागद पाहून तो आडवा आला. "माफ करा वहिनी, प्रसंग दुःखाचा आहे, पण त्या पेनाबद्दल ठराव झालाय. आणि नोटिशीवर नातेवाइकाची सही लागते. मयत व्यक्तीनं स्वतः लिहिलेली नोटीस लावता येत नाही. तशी तरतूदच नाही."

"सही मी करते," सून म्हणाली, आणि सेक्रेटरीच्याच खिशातलं बॉलपेन काढून तिनं खाली सही केली. मग चारही कोपऱ्यांना पिना टोचल्या. लोक जमले होते. तारीख-वेळेखाली सगळ्यांनी वाचलं:

'तिसऱ्या मजल्यावरचा ग्रंथपाल आज गेला. तो मनमिळाऊ नव्हता. त्याची पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती परत करावीत. त्यानं नावं विसरलेली नाहीत. भेटायला येणाऱ्यांनी लिफ्टचं दार लावून घ्यावं.'

दंतवैद्यांनी चष्मा सावरून तारखेशी बोट नेलं. मग 'सकाळी' या शब्दापुढच्या वेळेशी नेलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे... हेसुद्धा त्यांनीच लिहिलंय?"

जिमवाला एक पाऊल मागे सरकला. सेक्रेटरीच्या हातातली छापील नोटीस खाली गेली. सगळे वेलांटीसाहेबांकडे बघत होते. हे लोक चुकीचं वाचत होते आणि चूक दुरुस्त करणारा माणूस समोर उभा होता. साहेबांनी सुनेकडे पाहिलं. ती फळ्याकडे पाहत होती.

"अक्षर त्याचंच आहे," वेलांटीसाहेब म्हणाले.

मग दंतवैद्य मागे वळले, उघडं राहिलेलं लिफ्टचं दार त्यांनी दोन्ही हातांनी ओढून नीट लावलं, आणि पुस्तक शोधायला जिन्यानं वर गेले.